जानराव कानवाला अन् हरपलेला अडकित्ता

माहा बाप जानराव लोकाइचे कान साफ करे. हे पयलेच सांगून टाकते, कारन आजकालचे पोट्टे आयकलं का हासतात. हासा बाप्पा. ज्याच्या कानात जवारीचं कूस अडकलं अन् तीन राती डोळ्याले डोळा लागला नाही, तो मानूस हासत नाही. तो बापासमोर मुकाट मान वाकडी करून बसे, मंग तो पाटील असो का पाटलाचा गडी.

मालेगावच्या बाजारात कडूनिंबापाशी त्याची जागा होती. निंबाखाली नाही, सावलीच्या काठावर. सावली त्याच्या कामाची नव्हती, त्याले ऊन पाह्यजे. सूर्य आपल्या खांद्यावरून बरोबर समोरच्याच्या कानात उतरला पाह्यजे, असा तो बसे. ऊन सरकलं का पोतं सरकवे, गिऱ्हाइकाले सरकवे. भर दुपारी ऊन डोक्यावर आलं का काम बंद, मंग कोनी कितीही गळ घालो. डोक्याले लाल फेटा, फेट्यात खोचलेल्या दोन बारीक सळया, एक चिमटा, एक कोरनी, अन् मांडीपाशी कातड्याची थैली. थैलीत कापूस, तिळाच्या तेलाची कुपी, आनखी काय काय. त्या थैलीले घरात कोनाचाच हात लागत नसे. मायनं एकदा नुसती झटकाले घेतली तं बाप दोन दिवस बोलला नाही.

मले लहानपनापासून एकच खाज. समोरच्या मानसाच्या कानात काय असन? बापाले इचारलं का तो म्हने, "कानात कान असते."

तसे आमी वांगे-मिरच्या-मेथी लावनारे. आमचं वावर गावाले लागूनच. बाप कानाच्या धंद्यात कसा पडला, ती बी एक गंमतच. हिंगोलीकडून एक कानमैलिया येत जाये, करीमउस्ताद. एका पावसाळ्यात त्याले आमच्याच वावरात ताप भरला. बापानं त्याले मळ्यातल्या खोपडीत ठेवून घेतलं, मायनं पेज करून पाजली. चार महिने तो तिथंच राह्यला अन् जाता जाता त्यानं बापाले आपला इलम देला. पयले दोन महिने तं सळईले हातही लावू देला नाही. नुसतं पाह्य, म्हने. उन्हात कान पाह्य. वाळका मळ कोनता, ओला कोनता, पडदा कुठं चमकते, कुठं नाही. ज्याले पाह्यता येत नाही त्यानं सळई धरली तं तो कसाई, असं उस्तादाचं म्हननं.

उस्तादाचे नेम बाप आमाले जेवताना सांगे. मळ दगडावानी झाला असन तं उकरू नको, तीन राती कोमट तेल टाक, आपोआप सुटते. तेल टाकाच्या आधी इचार, कान वाहते का, दुखते का. वाहत्या कानात तेल नाही, पानी नाही, काहीच नाही. किडा गेला तं पयले तेल, किडा मेल्यावर चिमटा. अन् दाना गेला तं पानी बिलकुल नाही, कारन दाना फुगते. हा शेवटचा नेम बाप दोनदोनदा सांगे, अन् सांगताना त्याचा घास हातातच राहे. त्यापायी किती लेकराइचे कान गेले हे त्यानं पाह्यलं होतं.

कोनाले किती आयकू येते हे पाहाची त्याची एक रीत होती. जवारीचं वाळकं पान दोन बोटात धरे अन् कानामागं हळूच चोळे. खस्स, इतकाच आवाज. मानूस डोळे झाकून बसलेला. आयकू आलं तं बोट वर करे, नाही तं नाही. बाया काही बाजारात मान वाकडी करून बसत नसत, म्हनून ओळखीपाळखीच्या बायाइचे कान बापानं मले पाहाले शिकवलं. घराच्या मागच्या अंगनात मी पाहो, तो भिंतीच्या अलीकडून इचारे, "चमकते का? कोन्त्या बाजूनं?" दहा-बारा वर्साची असताना मी गल्लीतल्या निम्म्या बायाइचे कान पाह्यले होते. मायले काही ते पसंत नव्हतं. "पोट्टीले वांगे निवडाले शिकवा, कान कायले?" म्हने.

पोहरादेवीच्या जत्रेतली गोष्ट सांगते, म्हनजे मानूस कसा होता ते ध्यानात येईल. तिथं दुसरा एक कानमैलिया येऊन बसला. तो ज्याच्या त्याच्या कानातून खडा काढून दाखवे. येवढाले खडे. बोटाच्या बेचक्यात आधीच धरेल राहे, पन लोकाइले काय समजते. त्याच्यासमोर ही गर्दी, अन् माहा बाप माशा मारून राह्यला. बापाचं रोजचं गिऱ्हाइक रतनसिंग नायक आला अन् कान पाह्यल्यावर रागावला. म्हने, "त्याच्याजवळ सगळ्याइचे खडे निघून राह्यले, माहा काहून निघत नाही?"

बाप म्हने, "तुह्या कानात खडा नाही रतनसिंग. काढाचा म्हनलं तं आधी टाकावा लागीन."

रतनसिंग उठून गेला. अन् पुढच्या साली चार मानसं घेऊन बापाजवळच आला, कारन त्या खडेवाल्यानं कोनाचा तरी पडदा फोडला होता. बापानं त्याले "मी म्हनलं नव्हतं?" असं एका शब्दानं म्हनलं नाही. मी असती तं म्हनलं असतं. माहा सोभावच तसा.

उस्तादाचा आखरी नेम मात्र सगळ्यात कठीन. "हात कान में, जबान मुंह में." म्हनजे ज्याच्या कानात जे पाह्यलं ते त्याचं. बाहेर बोलाचं नाही. यात काय कठीन, असं तुमाले वाटन. पन त्या काळात कान वाहनाऱ्या घरात कोनी पोरगी देत नसे. लेकराइचेही कान वाहतीन म्हनत. म्हनून कुठं सोयरीक निघाली का पोरीचा बाप हळूच येऊन माह्या बापासमोर मान वाकडी करून बसे. कान सोच्छ राहे. मंग हळूच इचारे, "जानराव, अमक्याच्या पोराचे कान कसे हायेत गा?"

बापाचं उत्तर ठरेल होतं. "दोन हायेत. जागेवर हायेत."

चांगल्या कानाले तेच, फुटक्या कानाले तेच. त्यातून कोनाले काही काढता येत नसे. पाटलानं इचारलं तरी तेच. म्हनून तं लोकं वीस-वीस कोसावरून येत. आपलं गुपित या मानसाच्या पोटात बुडालं म्हनजे बुडालं, हे त्याइले मालूम होतं.

आता माही गोष्ट. दुसरी मोठी लढाई लागाच्या आधीचे दिवस. मी सोळाची झाली, अन् आसेगावच्या रामरावच्या पोराची सोयरीक सांगून आली. नवऱ्याचं नाव घ्याची आमची रीत नाही, पन नावाशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही, म्हनून एकदाच घेते. दौलतराव. इहीर, संत्र्याचा बगीचा, एकटा पोरगा. माय तं हवेतच गेली. अन् नेमकी त्याच वक्ती शेजारची कस्तुराबाई येऊन बसली. कस्तुराबाई अन् माय बाजारात एकाच पोत्यावर भाजी मांडत, बहिनीबहिनीवानी. तिचं ध्यान सगळीकडं.

ती म्हने, "प्रयागबाई, ते आसेगावचं पोट्टं मी वळखते. मिरचीची गाडी घेऊन येते. मांगच्या साली दर पंधरवड्याले तुमच्या घरच्यायसमोर बसेल दिसे. अवो, त्याले मंगरुळचा बाजार जवळ. तो सोडून इतक्या लांब कान दाखवाले काहून येत असन?"

मायचा चेहराच उतरला. ज्याचे कान धड हायेत तो सालातून एकदा येते. साल भर, दर पंधरवड्याले, तेही जवळचा बाजार सोडून जिथं कोनी वळखत नाही तिथं, म्हनजे काही तरी मोठंच. सांजी बाप जेवाले बसला तशी तिनं इचारलं, "आसेगावच्या पोराचे कान कसे हायेत?"

बापानं भाकरीचा तुकडा मोडला. म्हने, "दोन हायेत. जागेवर हायेत."

"ते बाजारातल्याइले सांगा. पोट्टी तुमची हाये का बाजाराची?"

"आयक वं. आज मी तुह्यापाशी एकाचं बोललो, तं उद्या तुहं दुसऱ्यापाशी बोलीन. मंग माह्यासमोर कोन बसन?"

"नका बसू देऊ कोनी. पोट्टी इहिरीत ढकलून धंदा कायचा करता?"

बाप उठून हात धुवाले गेला. मी चुलीपाशी बसून आयकत होती अन् खरं सांगते, मले त्या दिवशी बापाचा असा राग आला का त्याच्या ताटात दुसरी भाकरही वाढली नाही. परक्याचं गुपित मोठं, अन् माहा जलम लहान? एखादी 'हो' नाही तं 'नाही', येवढंच मांगत होतो आमी. त्यानं ते बी देलं नाही. पन मी त्याचीच पोट्टी. मनात म्हनलं, तू नको सांगू. मी पाहीन.

पाहाचा दिवस ठरला. त्या दिवशी पहाटेच कस्तुराबाई वसरी सारवाले मदतीले आली. अन् सकाळी पाहते तं घरातला अडकित्ता गायब. कोनाड्यात नाही, डब्यात नाही, उतरंडीमागं नाही. मायचा तं जीव वरखाली. पाव्हन्याइपुढं सुपारी बारीक कातरून ठेवाची, अन् कातराले अडकित्ताच नाही. सुपारी नेहमी बापच कातरे, त्याच्या हातची सुपारी कागदावानी पातळ. माय त्याच्यावर खेकसली. तो शांतपने म्हने, "अख्खी ठेवा. पाव्हन्याइच्या चंचीत त्याइचा अडकित्ता असतेच."

"अन् बोलतीन नाही का, का या घरात साधा अडकित्ता नाही?"

"बोलू द्या."

माय मंग कस्तुराबाईकडं पाहाले लागली. पहाटे घरात दुसरं कोन आलं होतं? कस्तुराबाईच्या ध्यानात आलं, तशी ती शेनाचे हात घेऊनच निघून गेली. आमच्या घरात इकडली काडी तिकडं न करनारा बाप त्या दिवशी वसरीत सोता घोंगडी टाकाले लागला. एकदा भिंतीपाशी टाकली, उचलली. दाराकडं टाकली, उचलली. तिसऱ्यांदा आडवी करून टाकली तेव्हा त्याचं समाधान झालं. माय म्हने, "आज सूर्य कुकडून उगवला?"

पाव्हने आले. रामराव, त्याइची घरची गिरजाबाई, अन् हे. गिरजाबाई आत आमच्यात येऊन बसल्या. हे वसरीतल्या पार कोपऱ्यात बसाले चालले होते, तं बापानं हात धरून घोंगडीच्या मधात बसवलं. "इथं बसा, वारं येते." म्हनजे आतलं दार त्याइच्या उजव्या हाताले आलं. फेटा दोन्ही कानावर खाली ओढलेला. मी दाराच्या फटीतून पाहत होती. मनात म्हनलं, झालं. कान तं झाकलेले. आता काय कपाळ पाहू?

मायनं माह्या हातात पितळी ताट देलं. पानं, चुना, कात, अन् तीन अख्ख्या सुपाऱ्या. मी खालच्या मानेनं दारातून निघाली, त्याइच्या उजव्या अंगानं. उंबरा ओलांडताना ताट जरासं कललं, अन् सुपाऱ्या पितळीवर घरंगळल्या. पयल्या खेपेले ते आपोआप झालं, देवाशपथ. रामराव तिकडल्या टोकाले बसले होते, त्याइनं मान वर करून पाह्यलं. अन् हे माह्यापासून हातभर अंतरावर, तं याइले पत्ताच नाही.

माह्या डोक्यात जवारीचं पान खस्स वाजलं. मंग मी ताट मुद्दाम कलतं केलं. हळूच, इतकं हळू का नवरीचा हात कापून राह्यला असंच कोनालेही वाटन. उजव्या कानामागं सुपारी फिरली, काही नाही. आनखी जवळ, काही नाही. समोरून वळसा घालून डाव्या अंगाले आली अन् ताट नखभर कललं, तशी याइची मान झटक्यात फिरली.

एक कान पुरा बंद. अन् त्याच वक्ती याइनं ताटाकडं पाह्यलं. माह्याकडं नाही, ताटाकडं. मी पुन्हा उजवीकडं सरकत होती, सुपाऱ्या फिरत होत्या, अन् हे डोळ्याची पापनी न हालवता त्या पाहत होते. मंग नजर वर आली. त्याइले समजलं का मले समजलं.

तसंच ताट घेऊन मी आत गेली. गिरजाबाईच्या मागून म्हनलं, "मावशी, पान घ्या." त्या कुडाकडंच पाहत बसल्या. ताट डावीकडं वाजवलं, काहीच नाही; उजवीकडं दोनदा वाजवलं, तेव्हा मान जराशी हालली. समोर जाऊन उभी राह्यली तेव्हा हासून पान उचललं. सवयच लागली होती आता हाताले.

चुलीपाशी येऊन मी बसली. आता बोलू का नको? मायले सांगतलं तं सोयरीक मोडन, बरोबरच हाये. पन लोकं काय म्हनतीन? पोट्टीले कोनी सांगतलं? बापानं. दुसरं कोन सांगनार? ज्या मानसानं आपल्या बायकोलेही सांगतलं नाही, त्याच्या तोंडाले माह्यापायी काळं लागनार. अन् नाही सांगतलं तं जलमभराची गाठ. सकाळपर्यंत बापावर राग होता, अन् आता मीच त्याच्या जाग्यावर येऊन बसली.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. हे बोलत होते. "काका, मले एक सांगाचं हाये. मले उजव्या कानानं आयकू येत नाही."

रामराव म्हने, "दौलत."

"बोलू द्या बाबा. लहानपनी कानात हरभरा गेला, आजीनं पानी टाकलं, तो फुगला. मंग कोनी आकड्यानं उकरला. साल भर काकाइनंच कान कोरडा केला, आता वाहत नाही. पन आयकू येनार नाही. दोन सोयरिकी यापायी मोडल्या, म्हनून आमी दडवलं. ही पोट्टी मंघानी सुपारी फिरवत होती. मी सुपारी फिरताना पाह्यली, आवाज मात्र आला नाही. तिनं वळखलं."

रामराव ताडकन उठले. पोरावर नाही, माह्या बापावर भडकले. "तुमी सांगतलं पोरीले, जानराव. लय भरोसा ठेवला होता तुमच्यावर. उद्या बाजारात उभा राहून सांगतो, या मानसाच्या हाती कान देऊ नका, हा घरी जाऊन बोलते."

"मी नाही सांगतलं," बाप म्हने. येवढंच. दुसऱ्यांदा म्हनला नाही. त्याचा हात नुसता फेट्यातल्या सळईवर गेला अन् तिथंच राह्यला. मी माह्या बापाले कधी भेलेला पाह्यला नव्हता, त्या दिवशी पाह्यला. चौदा सालाची मेहनत एका वाक्यात वाहून चालली होती, अन् ती माह्या हातानं.

मंग मले राहवलं नाही. पाहाले आलेल्या पाव्हन्याइपुढं पोरीनं तोंड उघडाची रीत नाही, पन रीत गेली चुलीत. मी पदर सावरून वसरीत आली. म्हनलं, "काका, बाबानं नाही सांगतलं. मी सुपारीनं पाह्यलं."

"खोटं. असं कुठं पाह्यता येते?"

"मंग आयका. मावशीचे कान माह्या बापानं कधी पाह्यले काय?"

"बाईमानसाचे कान तो कायले पाहीन?"

"तं मी सांगते. मावशीले दोन्ही कानानं कमी येते. डाव्यानं तं जवळजवळ नाहीच. त्या तोंडाकडं पाहून समजून घेतात."

रामराव उभेच राह्यले. म्हने, "नाही नाही. ती हट्टी हाये. दहा खेपा आवाज द्यावा लागते तिले, आयकतच नाही, पयल्यापासून..." अन् बोलता बोलता थांबले. आयकत नाही, हे आपल्याच तोंडून आयकून थांबले.

तेवढ्यात आतून गिरजाबाईचा खडा आवाज आला. "काय म्हनून राह्यले? पसंत हाये का पोट्टी?"

पयले हे हासले. मंग माय. रामराव खाली बसले अन् चंची उघडून उगाच आत पाहाले लागले. बाप मात्र हासला नाही. तो माह्याकडं पाहत होता. मंग त्यानं आपल्या रीतीनं इचारलं, "मावशीचा कान वाहते काय? दुखते काय?" मी आत जाऊन मोठ्यानं इचारून आली. नाही. "तं मळ असन. आज हात नाही लावाचा. तीन राती कोमट तेल, दोन-दोन थेंब. आधी मनगटावर टाकून पाहाचं, भाजलं नाही पाह्यजे. मंग घेऊन या."

पाचव्या दिवशी रामराव गाडी जुपून त्याइले घेऊन आले. अंगनात उन्हाकडं पाठ करून मी बसली, भिंतीच्या अलीकडून बाप इचारत होता. मळ लोन्यावानी सुटला. डाव्या कानातून हरभऱ्याच्या दाळीयेवढा काळा गोळा निघाला, उजव्यातून त्याहून लहान. मंग रामराव नेहमीच्या सवयीनं वरडले, "बरं वाटते काय?" तं गिरजाबाई दचकल्या अन् म्हनल्या, "येवढ्यानं काहून वरडता? मी काय भयरी हाये?"

सोयरीक झाली. मायनं दोन दिवस तोंड फुगवलं, पन बापानं मले इचारलं, "तुले काय वाटते?" मी म्हनलं, ज्यानं आपल्या तोंडानं आपलं उनं सांगतलं, तो पुढं कायचं दडवीन? तसंच निघालं. पन्नास साल मी याइच्या डाव्या अंगाले चालली, डाव्या अंगाले बसली. बायकोची जागाही डावीच, म्हनून कोनाले कधी वेगळं वाटलं नाही. रागावली का मात्र मी उजवीकडं जाऊन मनसोक्त बोलून घेवो.

रामरावनं बाजारात उभं राहून सांगतलं, पन उलटं. का हा मानूस पोटच्या पोरीलेही सांगत नाही. मंग तं बापासमोर रांगच लागे.

अडकित्ता काही सापडला नाही. मायनं मनात धरलं ते धरलंच. कस्तुराबाईनं नेला. पोतं वेगळं झालं, जागा वेगळी झाली, बाजारात एकमेकीकडं पाठ करून भाजी इकत. माह्या लग्नात कस्तुराबाई आली नाही. बापासमोर तिचं नाव काढलं का तो उठून वावरात जाये. आमाले वाटे, बायाइच्या भांडनात त्याले पडाचं नाही.

बाप गेला तेव्हा माहं तिसरं लेकरू रांगत होतं. लग्नाले नऊ साल झाले होते. तेरावं झाल्यावर मायनं ती कातड्याची थैली माह्यापुढं ठेवली. "तुलेच येते ते काम. तूच घे." जलमात पयल्यांदा मी त्या थैलीत हात घातला. कापूस, कुपी, सळया, जवारीचं एक वाळकं पान. अन् सगळ्यात खाली, फडक्यात गुंडाळेल, अडकित्ता.

मायनं तो हातात घेतला. मुठीवरचं मोराचं डोकं झिजेल, आमचाच. मले आधी घोंगडी आठवली. तीन खेपा टाकेल ती घोंगडी, इथं बसा वारं येते, आतलं दार बरोबर उजव्या हाताले. मंग सुपारी. कातरेल सुपारी पितळीत फिरत नाही. त्यानं मले सांगतलं होतं. एक शब्द न बोलता सगळं सांगतलं होतं, अन् मी चुलीपाशी बसून त्याले शिव्या देत होती. मी तिथंच पदर तोंडात कोंबून रडली.

याले वचन पाळनं म्हनावं का मोडनं, मले आजवर उमजलं नाही. जबान तं मुंह मेंच होती. पन म्हनूनच तो अडकित्ता त्याले परत कोनाड्यात ठेवता आला नाही. ठेवला असता तं मायनं इचारलं असतं, कुठं होता. अन् एका उत्तराले दुसरं चिकटून निघालं असतं. त्यापायी कस्तुराबाई नऊ साल चोर राह्यली. हे त्याले रोज दिसत असन. म्हनून वावरात जात असन.

माय उठली. डब्यातून एक सुपारी घेतली अन् उंबऱ्यावर बसून कातराले लागली. तिले तं बापावानी पातळ जमत नसे, धारही गेली होती, पन तिनं ती सगळी कातरली. पदरात बांधली अन् कस्तुराबाईच्या दारात जाऊन उभी राह्यली. मी मागं होती. मायनं पदर पुढं केला अन् दुसऱ्या हातातला अडकित्ता दाखवला.

कस्तुराबाईनं अडकित्ता पाह्यला, मायच्या कोऱ्या कपाळाकडं पाह्यलं. मंग दोन खांडं उचलून तोंडात टाकले, अन् पोतं झटकून मायले बसाले टाकलं.

"जाड कातरली वं," ती म्हनली. "जानराव बारीक कातरे."